कबड्डीची कमाई आणि डोक्याला बसलेला मार

कापसाच्या वेचण्या ओसरू लागल्या आणि संक्रांत जवळ आली, की आदिलाबाद जिल्ह्यात गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या पैनगंगेलगतच्या मंडलांत या खेळाला आजही ‘हुतूतू’ म्हणणारी वडीलधारी मंडळी आहेत. तेलुगू शेजारी त्याला ‘चेडुगुडु’ म्हणतात. मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी मुले एकाच संघातून खेळतात आणि चढाईपटूभोवती साखळी आवळताना तिन्ही भाषांतून ओरडतात. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ग्रामपंचायतीपासून ‘सीएम कप’ स्पर्धांची सुरुवात केली, तेव्हा शाळेबाहेर कधीही न खेळलेली मुले मंडल आणि जिल्हा पातळीच्या मैदानांवर उतरली.

गावातले मूल मंडल पातळीवर चमकले, की घरात एक प्रश्न उभा राहतो. पुढे जाऊ द्यावे का? खेळातून पोलिसांत, रेल्वेत नोकरी लागते, हे आईवडिलांनी ऐकलेले असते. गुडघा गेलेला मुलगा शेतातल्या कामालाही पुरा पडत नाही, हेही त्यांनी पाहिलेले असते. शिक्षक एक सांगतात, आजी दुसरेच सांगते, आणि संमतीपत्रावर सही करण्याची मुदत उद्यापर्यंतच असते.

हाच वाद अमेरिकेत तेथील फुटबॉलविषयी गेली सव्वाशे वर्षे चालू आहे. नाव फुटबॉल असले, तरी तो खेळ पायाने फारसा खेळला जात नाही. अंडाकृती चेंडू काखेत घेऊन समोरच्या रेषेपलीकडे धावायचे आणि विरुद्ध बाजूच्या खेळाडूंनी त्याला अंगावर झेप घेऊन पाडायचे, हा त्याचा गाभा. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. हैदराबाद आणि करीमनगरच्या बाजूने अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना, तसेच तेथील मराठी कुटुंबांनाही, मुलगा आठवी-नववीत गेला की शाळेच्या फुटबॉल संघाचा प्रश्न सोडवावा लागतो. हा खेळ भारतात रुजवण्याचाही एक प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चा पहिला हंगाम झाला, तोही श्रीलंकेत खेळवला गेला, आणि ‘पुणे मराठाज’ हा संघ विजेता ठरला. हैदराबादचाही संघ त्या लीगमध्ये होता. पुढे तो उत्साह ओसरला. अंगावर झेपावून पाडण्याची हौस भागवायला भारतीय प्रेक्षकाकडे आधीपासूनच एक खेळ होता, आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर पैसाही त्याच खेळात आला.

पैसा आला, पण कोणाकडे?

लीगच्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजार रुपयांना विकला गेला होता. चार वर्षांत एका खेळाडूच्या बोलीने कोटीचा आकडा ओलांडला. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला ‘यू मुंबा’ने ३६ लाख ४० हजारांना घेतले; एका हंगामात त्याने असा धडाका लावला, की २०१९ मध्ये हैदराबादच्या ‘तेलुगू टायटन्स’ने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. चंदगडच्या बाजूचा मराठी मुलगा तेलुगू संघाचा कणा झाला, ही गोष्ट आदिलाबादसारख्या दुभाषी जिल्ह्यात विशेष कौतुकाने बोलली गेली असल्यास नवल नाही. दोन हंगामांनंतर खांद्याची दुखापत झाली आणि तो बहुतेक सामन्यांना मुकला.

पवन सेहरावतची कथा याहून बोलकी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘तमिळ थलैवाज’ने त्याला २ कोटी २६ लाख रुपयांना घेतले, तोवर इतकी मोठी बोली कोणावरही लागली नव्हती. ऑक्टोबरमध्ये हंगामातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात, पूर्वार्धातच, त्याचा गुडघा दुखावला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेण्यात आले आणि उरलेला संपूर्ण हंगाम तो मैदानाबाहेर राहिला. वर्षभराने हांगझोउ आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच महिन्यात ‘तेलुगू टायटन्स’ने त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली.

ही कथा सहसा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द तिच्यात आहेच. पण तिच्यात आणखीही काही आहे. नामवंत खेळाडूचा गुडघा दुखावला, तर क्रीडावैद्यक तज्ज्ञ, उत्तम शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने चालणारा व्यायामोपचार आणि तोवर घर चालेल एवढी शिल्लक, असे सर्व त्याच्या पाठीशी उभे राहते. तामसीच्या मैदानावर तोच अस्थिबंध तुटला, तर काय होते? आधी गावातला मालीश करणारा पाय ओढतो. सूज उतरली, की मुलगा पुन्हा खेळतो, पाय पुन्हा लचकतो, आणि काही महिन्यांनी एमआरआय काढायची वेळ येते तेव्हा गुडघ्यातील गादीही झिजलेली असते. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला सहा ते नऊ महिने लागतात, तेही व्यायामोपचार नेमाने झाले तर. राज्याच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेण्यात आली, याचा मोठ्या शस्त्रक्रियांना आधार आहे. बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च आणि घरी बसून काढलेले महिने मात्र कोणत्याही योजनेच्या यादीत बसत नाहीत. धोका दोघांचा एकच. त्याची किंमत मात्र दोघांनी वेगवेगळी मोजायची.

म्हणून लिलावातले आकडे दाखवून मुलाला कबड्डीकडे वळवणाऱ्यांशी सावधपणेच बोलावे. लीगच्या संघांत जागा काही शेकडाच असतात, आणि त्यांसाठी हरयाणापासून तमिळनाडूपर्यंतची मुले झटत असतात. जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी खरी मिळकत याहून साधी आणि बरीच अधिक हाती लागणारी आहे. आदिलाबादमध्ये राज्य सरकारची क्रीडा शाळा आहे. हाकिमपेट आणि करीमनगरसह राज्यातील अशा तीन शाळांपैकी ती एक. तेथे निवड झाली, तर शिक्षण, जेवण आणि प्रशिक्षण यांची सोय होते. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतील सहभागाचे प्रमाणपत्र सरकारी भरतीतील खेळाडूंच्या राखीव जागांसाठी उपयोगी पडते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात हे आरक्षण ५ टक्के आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यदले यांचे स्वतःचे संघ आहेत.

मुलींच्या बाबतीत तर मिळकतीचा हिशेब रुपयांत मांडताच येत नाही. आश्रमशाळेतली एखादी मुलगी सामन्यासाठी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर जाते, अनोळखी शहरात राहते आणि परत येते, तेव्हा घरात तिच्या लग्नाचा विषय एक-दोन वर्षे पुढे ढकलला जाण्याची शक्यता वाढते. गोदावरीपलीकडच्या निजामाबादची निखत झरीन मुष्टियुद्धात २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेती झाली. राज्य सरकारने तिला २ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले आणि पुढे पोलीस उपअधीक्षकपदी नेमले. २०१७ मध्ये खांद्याच्या दुखापतीने तिची कारकीर्द जवळजवळ थांबली होती, हे त्या सत्कारांच्या बातम्यांत क्वचितच येते.

अमेरिकेला उमगायला शंभर वर्षे लागली

कबड्डीतील दुखापत म्हटले, की गुडघा, घोटा, खांदा आणि बोटे यांचाच विचार होतो. अमेरिकी फुटबॉलमध्येही बराच काळ असेच होते. हाडे मोडत, ती दिसत आणि त्यांवर उपाय शोधले जात. १९०५ च्या हंगामात तेथे किमान १८ खेळाडू मरण पावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. रूझवेल्ट स्वतः या खेळाचे चाहते. त्यांना खेळ बंद करायचा नव्हता. तो बंद पडू नये, म्हणून बदलायचा होता. दुसऱ्याच वर्षी नियम पालटले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली आणि सर्वांनी एकाच ठिकाणी गर्दी करून एकमेकांना तुडवण्याची गरज कमी झाली.

पुढे प्लास्टिकचे टणक हेल्मेट आले आणि एक विपरीत गोष्ट घडली. डोके सुरक्षित आहे असे वाटू लागल्यावर खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. कवटी वाचली आणि मान मोडू लागली. १९६८ या एकाच वर्षात मैदानावरील माराने ३६ खेळाडू दगावले. हेल्मेटचे मानक ठरवले गेले, १९७६ मध्ये डोक्याने धडक देण्यावर बंदी आली, आणि १९९० मध्ये असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. साधनाने जे साधले नाही, ते साधन आणि नियम एकत्र आल्यावर साधले. भारतात कबड्डीला हेल्मेट द्यावे, अशी सूचना अधूनमधून कोणी तरी करतो. त्याने हा इतिहास आधी वाचावा.

तरीही एक इजा सर्वांच्या नजरेतून सुटली होती, कारण ती एक्स-रेमध्ये दिसत नव्हती. व्यावसायिक खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत मरण पावला. अखेरच्या वर्षांत त्याची स्मृती आणि स्वभाव दोन्ही विस्कटले होते. नायजेरियातून आलेले विकृतिशास्त्रज्ञ बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांना वर्षानुवर्षे बसलेल्या हादऱ्यांचे डाग सापडले. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लीगच्या वैद्यकीय समितीने त्यावर आक्षेप घेतला. फुटबॉल आणि हा मेंदूविकार यांचा संबंध लीगच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला २०१६ साल उजाडले. दरम्यान हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले होते आणि सुमारे १०० कोटी डॉलरच्या तडजोडीला मान्यता मिळाली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लीगच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. हा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे लागते. ते मेंदू प्रामुख्याने अशा कुटुंबांनी दान केले होते, ज्यांना आपल्या माणसात काही बिघडल्याची शंका होती. सर्वच खेळाडूंना तो विकार होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. त्याला दुर्मीळ म्हणण्याची सोय मात्र त्यानंतर उरली नाही.

अमेरिकी पालकांनी आपापले उत्तर शोधले. शाळांतील फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या २००८च्या सुमारास ११ लाखांवर होती. दहा वर्षांत ती १० लाखांच्या आसपास आली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा जो प्रकार असेल, त्यात कमरेला लावलेली पट्टी खेचून घेतली, की खेळाडू थांबवला गेला असे मानतात. अंगावर झेपावण्याचा प्रश्नच नाही. कबड्डीत असा पर्याय शोधता येणार नाही. पकड काढून घेतली, तर उरतो तो लहान मुलांचा शिवाशिवीचा खेळ.

‘काही नाही, जरा झिणझिण्या आल्या’

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. पाण्यात ठेवलेल्या लोण्याच्या गोळ्यासारखा तो द्रवात असतो. डोके झटक्याने थांबले किंवा फिरले, की तो आत हलतो. या हादऱ्याला इंग्रजी वैद्यकात कन्कशन म्हणतात. त्यासाठी डोके कशावर आपटायलाच हवे असे नाही. छातीवर बसलेल्या जोरदार धडकेने मान झटकली, तरी तेवढे पुरते. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही. खेळाडू उठतो, धूळ झटकतो, चुकीच्या दिशेने दोन पावले टाकतो, गुण किती झाले ते पुन्हा पुन्हा विचारतो. प्रेक्षक हसतात. डोके दुखणे, मळमळ, उजेड सहन न होणे, सगळे धूसर वाटणे, उत्तर द्यायला वेळ लागणे, विनाकारण चिडणे किंवा रडणे, ही त्याची लक्षणे; ती काही तासांनीही दिसू लागतात.

कबड्डीत हे कुठे घडते, हे कोणताही जुना खेळाडू सांगेल. खोल चढाईहून परतताना घोट्याची पकड झाली, की चढाईपटूचे शरीर मध्यरेषेकडे फेकले जाते आणि हात टेकण्याआधी हनुवटी जमिनीवर येते. कोपऱ्यातला खेळाडू मांडी धरायला खाली झेपावतो, त्याच क्षणी चढाईपटू गुडघा वर घेतो. साखळीतले दोघे दोन बाजूंनी धावून येतात, चढाईपटू निसटतो आणि त्यांची डोकी एकमेकांवर आदळतात.

पहिल्या हादऱ्यानंतर मेंदूला सावरायला वेळ न मिळता दुसरा हादरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि काही मिनिटांत जिवावर बेतते. हे प्रामुख्याने किशोरवयीन खेळाडूंत दिसून आले आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका तेरा वर्षांच्या मुलाला २००६ मध्ये डोक्याला मार बसल्यानंतर त्याच सामन्यात पुन्हा उतरवण्यात आले. तो वाचला, पण कायमचा जायबंदी झाला. त्यातून २००९ मध्ये तेथे कायदा आला: शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीवाचून परत नाही. पाच वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

भारतीय वाचकांना याच जातीचे एक उदाहरण जवळचे आहे. रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील लीग सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू डोक्याला लागला. तो उठला आणि चालत बाहेर गेला. थोड्याच वेळात त्याची प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी तो गेला. कवटीच्या आत होणाऱ्या रक्तस्रावाचे हे फसवे रूप डॉक्टरांना चांगले परिचित आहे: आधी बरे वाटण्याचा एक काळ, आणि मग घसरण. म्हणूनच ‘चालतोय ना, मग ठीक आहे’ हे मैदानावरचे सर्वांत धोकादायक वाक्य ठरते.

जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूतील पनरुटीजवळ एका २२ वर्षांच्या खेळाडूचा कबड्डी खेळताना मृत्यू झाला. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली सापडलेला तो उठू पाहत होता आणि जागीच कोसळला. रुग्णालयात पोचेपर्यंत प्राण गेले होते. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. सहाच महिन्यांनी, २ जानेवारी २०२३ रोजी, सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिन हा फुटबॉलपटू छातीवर धडक बसल्यानंतर असाच उभा राहिला आणि कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानाच्या कडेला बसलेल्या वैद्यकीय पथकाने क्षणार्धात छातीवर दाब देणे सुरू केले, विजेचा धक्का देणारे यंत्र वापरले, आणि पुढच्या हंगामात हॅमलिन पुन्हा खेळला. दोन्ही घटनांची वैद्यकीय कारणे एकच होती, असे म्हणता येणार नाही. एका मैदानाच्या कडेला कोण बसले होते आणि दुसऱ्याच्या कडेला कोण नव्हते, एवढे मात्र त्या दोन चित्रफितींत दिसते.

नियम आहेत, मैदान नाही

कबड्डीचे नियमपुस्तक या बाबतीत बरेच शहाणे आहे. चढाईपटूला हातपाय आणि धड यांखेरीज कुठे धरायचे नाही. म्हणजे डोके, मान, केस वर्ज्य. तोंड दाबायचे नाही, पायांची कैची घालायची नाही, नखे कापलेली हवीत. पंचाच्या हाती हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड आहे. मैदान सपाट आणि मऊ असावे, ते माती, शेणखत आणि लाकडाच्या भुशाचे करावे, असे लिहिलेले आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवलेला खेळ हाच. मातीची मशागत हा त्याच्या परंपरेचाच भाग आहे.

प्रत्यक्षात आदिलाबादची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चिकटते आणि संक्रांतीपर्यंत वाळून दगड होते, भेगाळते. तिच्यावर चुन्याची रेघ ओढली, की मैदान तयार झाले असे समजले जाते. एक ट्रॅक्टर भुसा आणि खत पसरून, पाणी मारून, दोन दिवस आधी नांगरट केली, तर पडणाऱ्याचा निम्मा त्रास वाचेल. मुख्य पाहुण्यांच्या मंडपाला त्याहून अधिक खर्च येतो. मॅट आली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. मॅटवर खरचटत नाही, पण बूट घट्ट रुततात. शरीर वळते, पाऊल जागीच राहते आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. अनवाणी मातीवर वाढलेल्या मुलाला जिल्हा स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा मॅटवर उतरवणे म्हणजे ही इजा बोलावून आणणे.

संघात सात खेळाडू मैदानात आणि पाच राखीव, अशी तरतूद आहे. डोक्याला मार बसलेल्याला बाहेर काढून दुसरा उतरवायला नियमांची आडकाठी नाही, दंड नाही, खर्चही नाही. अडचण निराळी आहे. गावच्या संघात राखीव खेळाडू जेमतेम एक असतो, चढाई करणारा खरा खेळाडू तर एकच असतो, आणि अंतिम सामन्यात तीन गुण कमी असताना त्याला बसवण्याचे धैर्य प्रशिक्षकाकडे नसते. कबड्डीत बाद झालेला खेळाडू ‘मेला’ आणि परत आला की ‘जिवंत झाला’, असे म्हणण्याची जुनी रीत आहे. या भाषेची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की चक्कर आलेला मुलगाही पुढच्या गुणाला जिवंत होऊन आत जातो. म्हणून हा निर्णय प्रशिक्षकावर न सोडता पंचाकडे असावा, आणि तो सामन्यापूर्वीच दोन्ही संघांना सांगितलेला असावा. शालेय स्पर्धांत हे उद्यापासून करता येईल.

विम्याच्या बाबतीत शेजारच्या राज्याने एक वाट दाखवली आहे. दहीहंडीच्या थरांवरून पडून गोविंदा जखमी होण्याचे प्रकार वाढले, न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मृत्यू झाल्यास १० लाख, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख आणि एक गमावल्यास ५ लाख रुपये असे साहाय्य जाहीर केले. दहीहंडीला खेळ म्हणावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. कबड्डीबाबत तो मतभेद नाही. तरीही खेड्यातल्या खुल्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाच्या नावावर एक रुपयाचेही संरक्षण बहुधा नसते. मोठ्या स्पर्धांतही व्यवस्थेचे भान सुटते, याची आठवण राज्याला आहे. मार्च २०२१ मध्ये सूर्यापेट येथे राष्ट्रीय कनिष्ठ गट कबड्डी स्पर्धेच्या उद्‌घाटनाच्या दिवशी प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. खेळ सुरूही झाला नव्हता.

संमतीपत्र हातात आलेल्या पालकांनी सही करण्यापूर्वी शाळेला तीन-चार गोष्टी विचाराव्यात. मैदान मातीचे की मॅटचे, आणि मुलाने त्यावर सराव केला आहे का? पंच प्रशिक्षित आहेत का? मैदानावर प्रथमोपचार येणारा माणूस आणि वाहन आहे का? विमा आहे का? या प्रश्नांनी शिक्षक नाराज होतील, या भीतीने ते विचारले जात नाहीत. चांगला क्रीडाशिक्षक उलट खूश होतो, कारण वरिष्ठांकडे मागणी करायला त्याला आधार मिळतो.

मार बसल्यानंतरचे काम घरचे आहे. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोलण्यात अडखळणे, हातपाय लुळे पडणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नेहमीपेक्षा अधिक झोप येणे आणि जागे करणे कठीण जाणे, यांतले एकही दिसले, तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि आदिलाबादचे रिम्स किंवा जवळ असेल ते मोठे रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल, तर मुलाला उचलून दुचाकीवर मध्ये बसवू नये. वाहन येईपर्यंत डोके आणि मान न हलवता निजवून ठेवावे. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आणि नागपूर सुमारे २०० किलोमीटर दूर असल्याने पहिला तास वाया घालवणे परवडत नाही.

यांतले काहीही नसेल, तरी पहिले एक-दोन दिवस मुलाला विश्रांती हवी, मोबाइलपासूनही. त्यानंतर चालणे, मग हलके धावणे, मग पकडीविना चढाईचा सराव, आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच शेवटी पकडीचा सराव, असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस द्यायचा आणि लक्षणे परतली, तर एक टप्पा मागे यायचे. किशोरवयीन मुलांना पूर्ण सावरायला बहुधा महिनाभर लागतो. संक्रांतीच्या स्पर्धेत मार खाल्लेला मुलगा या हिशेबाने महाशिवरात्रीच्या आसपास मैदानावर परततो, आणि मधल्या दिवसांत शाळेत त्याचे लक्ष लागत नसेल, अक्षर बिघडले असेल, तर ते वर्गशिक्षकांना सांगून ठेवावे. त्या महिन्यातला अभ्यास राहिला, तर तो भरून काढता येतो.